वळणावरचे विमान

या सदराच्या नियमित वाचक असलेल्या एका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांचा धाकटा मुलगा वर्षभरापासून विमान चालवण्याचे शिक्षण घेत आहे. त्या लिहितात : "मुलगा सुट्टीत घरी आला होता. जेवताना म्हणाला, आमचे शिकाऊ विमान ताशी शंभर किलोमीटरच्या खाली गेले की पडू लागते. मी म्हटले, मग काटा शंभराच्या खाली जाऊ देऊ नकोस म्हणजे झाले. त्यावर तो म्हणाला, आई, शंभराच्या वर असतानाही ते पडते. हे कसे, ते त्याने समजावून सांगितले. पण मला उमजले नाही, आणि उमजले नाही म्हणून झोप लागेना. आपण या विषयावर लिहाल काय?"

पत्र वाचून प्रथम मनात आले की, हा प्रश्न एखाद्या विमानविद्येच्या जाणकाराकडे जायला हवा होता. परंतु आईचा प्रश्न जाणकाराच्या भाषेत सुटत नाही, असाही अनुभव आहे. शिवाय हैदराबादेत राहणाऱ्यांना हा विषय अगदीच परका नाही. शहराच्या वायव्येस दुंडिगल येथे भारतीय हवाई दलाची प्रबोधिनी आहे. त्या बाजूस ज्यांची घरे आहेत त्यांना पिलाटस जातीच्या शिकाऊ विमानांच्या घिरट्या नित्याच्या झाल्या आहेत. आकाशात ते चिमुकले विमान एका बाजूस कलते, वळते, पुन्हा सरळ होते. खालून पाहणाऱ्याला ती केवळ एक डौलदार गिरकी वाटते. त्या गिरकीत पंखांवर काय गुजरते, हेच भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमान पडू लागण्याच्या या अवस्थेला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. मोटारीचे इंजिन चौकात अचानक बंद पडले तरी आपण हाच शब्द वापरतो, त्यामुळे विमानाचा स्टॉल म्हणजे त्याचे इंजिन बंद पडणे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः या दोहोंचा काही संबंध नाही. इंजिन उत्तम धडधडत असताना विमानाचा स्टॉल होऊ शकतो. आणि ज्याला मुळात इंजिनच नाही असे ग्लायडर तासन्‌तास आकाशात तरंगत राहते, तेही स्टॉल न होता. स्टॉल हा इंजिनाचा नव्हे, पंखाचा प्रकार आहे.

आगगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये अशी सूचना डब्यात लिहिलेली असते आणि मुख्याध्यापक या नात्याने मीही सहलीच्या वेळी ती मोठ्याने वाचून दाखवतो. तरीही लहानपणी हा प्रयोग न केलेला माणूस विरळाच. तळहात जमिनीशी समांतर धरला की वारा वरून-खालून सरळ निघून जातो. अंगठ्याकडची कड किंचित वर उचलली की हात आपोआप वर जाऊ पाहतो. आणखी थोडी उचलली की आणखी जोराने. पण एक मर्यादा येते. तळहात फारच उभा केला, तर तो वर जाण्याचे सोडून देतो आणि नुसता मागे ढकलला जातो. पंखाचेही हेच आहे. समोरून येणाऱ्या हवेशी तो जो कोन करतो, तो वाढत जाईल तसतशी त्याची उचल वाढते. परंतु सामान्य पंखाच्या बाबतीत हा कोन पंधरा-सोळा अंशांच्या आसपास पोचला की पंखाच्या पाठीवरून सुरळीत वाहणारी हवा त्याला सोडून देते, भोवऱ्यांत फुटते आणि उचल एकाएकी ढासळते. हाच स्टॉल.

येथे वेगाचा उल्लेखही आलेला नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. स्टॉल होतो तो कोनामुळे. वेग ताशी शंभर असो की तीनशे, कोनाने मर्यादा ओलांडली की पंख सोडून देतो. मग त्या मुलाने सांगितलेला शंभराचा आकडा कोठून आला? तो असा. विमान सरळ आणि एका पातळीत उडत असताना पंखाला विमानाचे वजन तेवढे पेलायचे असते. वेग कमी केला की उचल घटते. ती भरून काढण्यासाठी वैमानिक नाक किंचित वर करून कोन वाढवतो. वेग आणखी कमी, कोन आणखी मोठा. असे करता करता एका विशिष्ट वेगाला तो कोन मर्यादेला भिडतो. तो वेग पुस्तकात लिहून ठेवतात. म्हणजे शंभर हा आकडा मूळ कारण नव्हे, त्या कोनाची पडछाया आहे. आणि पडछाया उन्हाबरोबर लांब-आखूड होते, तसा हा आकडाही परिस्थितीबरोबर बदलतो.

ही गोष्ट माणसाला फार महाग किंमत देऊन शिकावी लागली. जर्मन अभियंता ओटो लिलियेनथाल याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतः बांधलेल्या पंखांवर टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा झेप घेतली. पंखांखाली लोंबकळत आपल्या शरीराचा भार मागेपुढे नेऊन तो तोल सांभाळी. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या एका झोताने त्याच्या ग्लायडरचे नाक वर उचलले गेले. शरीर पुढे झोकून ते खाली आणण्याचा त्याने यत्न केला, पण तेवढ्याने भागले नाही. पंखांनी दगा दिला आणि तो सुमारे पंधरा मीटरवरून खाली कोसळला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा अंत झाला. त्याच्या मृत्यूची वार्ता अमेरिकेत राइट बंधूंच्या वाचनात आली. पुढे त्यांनी विमान बांधले तेव्हा नाक वरखाली करणारी फळी मागे शेपटीकडे न ठेवता पुढे बसवली. लिलियेनथालसारखे आपण नाकावर आदळू नये, हा त्यामागचा एक हेतू होता.

आता वळणाकडे येऊ. बादलीला दोरी बांधून ती भोवती गरगर फिरवली तर हाताला ती किती जड लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. बादलीतले पाणी तेवढेच असते. वाढतो तो दोरीवरचा ताण. विमान वळते तेव्हा त्यालाही आतल्या बाजूस ओढणारे कोणीतरी हवे. रस्त्यावर मोटारीला ही ओढ टायरांच्या घर्षणातून मिळते. आकाशात रस्ता नाही. म्हणून वैमानिक विमान कलते करतो. त्यामुळे पंखांची उचल तिरपी होते. तिचा एक भाग विमानाला आत ओढतो आणि उरलेला भाग वजन पेलतो. परंतु उचलीची अशी वाटणी झाल्यावर वजन पेलणारा वाटा अपुरा पडतो. उंची कायम ठेवायची तर एकूण उचल वाढवली पाहिजे. त्यासाठी वैमानिक नियंत्रणदांडा आपल्याकडे ओढतो, कोन वाढतो आणि त्या घातक मर्यादेच्या तो तितका जवळ जातो.

किती जवळ, याचे गणित सोपे आहे. उंची न सोडता घेतलेल्या वळणात विमान साठ अंश कलले, तर पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो. आत बसलेला साठ किलोचा माणूस त्या वेळी आसनावर एकशेवीस किलोच्या भाराने दाबला जातो. हात उचलणेही जड जाते. उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुप्पट भारासाठी वेग दुप्पट नव्हे, तर दोनाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.४१ पट लागतो. सरळ उड्डाणात शंभरावर पडणारे विमान तीस अंशांच्या कलावर १०७ वर पडेल, पंचेचाळीस अंशांवर ११९ वर, साठ अंशांवर १४१ वर आणि पंचाहत्तर अंशांवर थेट १९७ वर. हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. पहिल्या तीस अंशांत केवळ सातांची वाढ, शेवटच्या पंधरा अंशांत छप्पन्नांची! जिना आरंभी उतरंडीसारखा सौम्य आणि शेवटी भिंतीसारखा उभा. म्हणूनच हा धोका हाताला हळूहळू जाणवत नाही. तो एकदम समोर येतो.

प्रवासी विमानाने मुंबईस किंवा दिल्लीस जाणाऱ्यांनी हे वाचून धास्ती घेण्याचे कारण नाही. ती विमाने सामान्यतः पंचवीस-तीस अंशांहून अधिक कलत नाहीत, आणि तेवढ्या कलावर वाढ किती अल्प आहे हे वर आलेच आहे. खिडकीतून एका बाजूस जमीन आणि दुसऱ्या बाजूस नुसते आकाश दिसते तेव्हा काही सहप्रवासी देवाचे नाव घेऊ लागतात. त्यांना सांगायला हे गणित उपयोगी पडेल.

येथे एक बारकावा आहे. पुस्तकांतून तो असतो, पण विद्यार्थी तो अनेकदा नजरेआड करतात. पडण्याचा वेग विमानाच्या कलण्याने वाढत नाही. वाढतो तो दांडा ओढण्याने. साठ अंश कललेल्या विमानाचे नाक वैमानिकाने निमूटपणे खाली जाऊ दिले, उंची राखण्याचा आग्रह धरला नाही, तर पंखांवर दुप्पट भार येतच नाही आणि पडण्याचा वेगही तेवढा वाढत नाही. उलट बाजूनेही हे तितकेच खरे आहे. विमान मुळीच कललेले नाही, सरळ खाली सूर मारीत आहे, काटा शंभराच्या बराच वर आहे, जमीन समोरून वर येते आहे. अशा वेळी घाबरून दांडा एकदम पोटाशी ओढला, तर त्या प्रचंड वेगातही पंख मर्यादेपलीकडे जातो. नाक जमिनीकडे, वेग भरपूर, आणि तरी स्टॉल! मराठीत आपण 'ताणले की तुटते' म्हणतो. पंखाच्या बाबतीत त्याची प्रचीती तुटण्याच्या आधीच येते.

दांड्याखेरीज आणखीही काही गोष्टी हा आकडा वरखाली करतात. विमानात अधिक वजन भरले की पडण्याचा वेग वाढतो. वजन एकवीस टक्क्यांनी वाढले तर वेग दहा टक्क्यांनी. सामान फार पुढे ठेवले तर नाक सावरण्यासाठी शेपटीला खाली दाब द्यावा लागतो. तो दाबही अखेर पंखांनाच पेलावा लागतो, म्हणून पडण्याचा वेग थोडा चढतो. सामान फार मागे ठेवले तर तो वेग किंचित उतरतो खरा, पण मग पडू लागलेले विमान सावरणे अवघड होते, आणि हा सौदा कोणी शहाणा माणूस करणार नाही. उतरताना पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली सोडतात, त्याने हा वेग कमी होतो. ते भलत्या वेळी मिटले तर क्षणात पुन्हा वाढतो. पंखावर दहिवराचा खरखरीत थर जमला असेल तर हवा पंखाला लवकर सोडते आणि मर्यादेचा कोनच लहान होतो. उंचीचा परिणाम मात्र लोक समजतात तेवढा होत नाही. विरळ हवेत विमान खरोखर अधिक वेगाने पडते, परंतु वेगाचा काटाही त्याच विरळ हवेच्या दाबावर चालत असल्याने त्यावरचा आकडा जवळजवळ तोच राहतो.

वजनाच्या बाबतीत एक मौज सांगण्यासारखी आहे. हवा फार खवळलेली असेल तर विमानाचा वेग एका ठराविक आकड्याखाली आणावा, असा नियम आहे. कारण त्या आकड्याखाली एखादा जोरदार झोत आला किंवा दांडा पुरता ओढला गेला, तर विमानाचा सांगाडा मोडण्याआधीच पंख स्टॉल होतो आणि भार सोडून देतो. म्हणजे ज्या स्टॉलची भीती, तोच येथे विद्युत-जोडणीतल्या फ्यूजप्रमाणे रक्षण करतो. सामान्य जातीची लहान विमाने वजनाच्या ३.८ पट भार सहन करतील अशी बांधतात. ३.८ चे वर्गमूळ सुमारे १.९५, तेव्हा शंभरावर पडणाऱ्या विमानासाठी हा आकडा १९५ च्या आसपास येतो. आता विमानातले दोन प्रवासी उतरले आणि ते हलके झाले, तर हा सुरक्षित वेग वाढावा की घटावा? बहुतेक जण 'वाढावा' म्हणतात. वस्तुतः तो घटतो. कारण हलके विमान कमी वेगाला पडते, आणि त्याच प्रमाणात फ्यूज उडण्याचा वेगही खाली येतो. वरच्या वर्गातील मुलांना मी हा प्रश्न घालून पाहिला आहे. गणितातले हुशार विद्यार्थीही आधी चुकतात आणि मग वाद घालतात, हे पाहून फार बरे वाटते.

परंतु हे गणित सदैव असे खेळीमेळीचे राहत नाही. २४ जून १९९४ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील फेअरचाइल्ड हवाई तळावर बी-५२ जातीचे बाँबफेकी विमान एका हवाई प्रदर्शनाची रंगीत तालीम करीत होते. आठ इंजिने आणि छप्पन्न मीटर लांबीचे पंख असलेले हे धूड कसरतींसाठी बांधलेले नव्हे. शेवटी धावपट्टीवर दुसरे विमान असल्याने त्याला उतरता आले नाही, म्हणून वैमानिकाने जमिनीपासून जेमतेम अडीचशे फुटांवर नियंत्रण मनोऱ्याभोवती डावीकडे पूर्ण वळसा घेण्यास आरंभ केला. वळण सुरू झाले तेव्हा काटा १८२ नॉटवर होता. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. वळण जसजसे तिखट होत गेले तसतसा वेग घटत गेला. वैमानिकाने इंजिनांचा जोर वाढवला, पण अशा इंजिनांना पुरता जोर धरायला काही सेकंद लागतात, आणि ते सेकंद त्याच्यापाशी नव्हते. कल साठ अंशांवर गेला. त्या कलावर त्या विमानाचा पडण्याचा वेग होता १४७ नॉट. काटा १४५ वर आला होता.

दोन नॉटांचा फरक! अडीचशे फुटांवर सावरायला जागाच नव्हती. विमान कलतच गेले, नव्वद अंशांच्याही पलीकडे, आणि जमिनीवर आदळले. आतले चारही अधिकारी जागीच ठार झाले.

या अपघाताची चौकशी झाली तेव्हा निराळीच हकीकत बाहेर आली. मुख्य वैमानिक अत्यंत अनुभवी होता, त्या विमानाचा जाणकार म्हणून त्याचा दबदबा होता. आणि १९९१ पासून प्रत्येक प्रदर्शनात तो नेमून दिलेल्या मर्यादा उघडउघड मोडत आला होता. तक्रारी होत, वरिष्ठ तोंडी समज देत आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच बोलावीत. तुकडीच्या प्रमुखाने, त्याला उड्डाणातून दूर करावे, असे वरिष्ठांना सांगून पाहिले होते. ते मानले गेले नाही, तेव्हा त्याने आपल्या तुकडीतल्या तरुणांना त्या माणसाबरोबर एकटे पाठवायचे नाही, असे ठरवले. ज्या वेळी त्याला उडायचे असेल त्या वेळी आपण स्वतः शेजारी बसायचे! २४ जूनला सहवैमानिकाच्या आसनावर तो प्रमुखच होता. शाळेचा कारभार पाहणाऱ्याला ही हकीकत वाचताना अस्वस्थ वाटते. कर्तबगार माणसाला नियमांतून सूट देण्याची आपल्याकडेही रीत आहे. पण परीक्षेच्या खोलीत तिची किंमत गुणांत मोजतात, तेथे ती चार जिवांनी मोजली. हवेला मात्र कोणाच्या अनुभवाचा दबदबा ठाऊक नसतो. नवशिक्याचे विमान आणि त्याचे विमान ती एकाच वर्गमुळाने तोलते.

बी-५२ चे उदाहरण मोठे आहे, दुर्मीळ आहे. भगिनींच्या मुलाला ज्या जागेचे भान ठेवायचे आहे ती जागा अगदी साधी, रोजची आहे. उतरण्यापूर्वी विमान धावपट्टीला समांतर जाते, मग दोन काटकोनी वळणे घेऊन तिच्या रेषेत येते. यातले शेवटचे वळण लहान विमानांच्या बाबतीत फार घातक ठरत आले आहे. उंची थोडी, वेग कमी. उतरताना पडण्याच्या वेगाहून साधारण तीस टक्के अधिक वेग ठेवण्याची रीत आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात एकशेतीस. ही तीस टक्क्यांची शिल्लक उंची राखून घेतलेल्या वळणात चोपन्न अंशांच्या कलावर पुरती संपते.

"चोपन्न अंश कोण कलवतो?" असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. आणि खरा घात तेथेच आहे. पाठीमागून वारा असल्यामुळे वळण लांबते, धावपट्टीची रेषा ओलांडली जाणार असे दिसते. जमीन जवळ असल्याने अधिक कलवण्याची विद्यार्थ्याला भीती वाटते. मग तो भिऊन एक 'सुरक्षित' युक्ती करतो : न कलवता, पायाने सुकाणू दाबून नाक धावपट्टीकडे वळवतो. त्याने आतला पंख मागे पडतो, त्याची उचल घटते, विमान आपण होऊन आणखी कलू पाहते. ते रोखण्यासाठी तो दांडा उलट्या बाजूस दाबतो. नाक खाली जाते, म्हणून दांडा ओढतो. या चारही क्रिया त्याला सावधपणाच्या वाटतात. प्रत्यक्षात त्याने विमानाला गिरकीत टाकण्याची शास्त्रशुद्ध तयारी केलेली असते. दोन पंख एकदम स्टॉल होत नाहीत. आतला आधी सोडून देतो, विमान त्या बाजूस उलथते आणि स्वतःभोवती फिरत खाली येते. चार-पाचशे फुटांवर हे झाले तर पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. आणि वेगाचा काटा? तो आरंभी शंभराच्या बराच वर असू शकतो.

या गिरकीतून सुटण्याची वाट माणसाला फार उशिरा सापडली. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या पठारावर लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क हा नौदलाचा वैमानिक अ‍ॅव्हरो कंपनीचे विमान चालवीत असताना सुमारे सातशे फुटांवर अशा गिरकीत सापडला. त्या काळी गिरकी म्हणजे मृत्यू असेच समीकरण होते. त्याने दांडा ओढून पाहिला, गिरकीच्याच दिशेस सुकाणू दाबून पाहिले. नाक वर येईना, फिरणे थांबेना. शेवटी काहीच उरले नाही तेव्हा त्याने सुकाणू पूर्ण उलट दिशेस दाबले. विमान तत्क्षणी फिरण्याचे थांबले आणि जमिनीपासून पन्नास फुटांवर सावरले. खाली पाहणाऱ्यांनी त्या उड्डाणाची लेखी नोंद ठेवली आणि 'पार्कची बुडी' म्हणून ते विमानाच्या इतिहासात राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या एका विमानाच्या अपघातात पार्क मरण पावला.

पार्कला वाट सापडली, पण ती का सापडली याचा उलगडा झाला नव्हता. फ्रेडरिक लिंडेमन या पदार्थवैज्ञानिकाने त्याचा छडा लावला. पुढे चर्चिलचा वैज्ञानिक सल्लागार म्हणून प्रसिद्धीस आलेला हा गृहस्थ १९१७ साली फार्नबरोच्या विमान-कारखान्यात काम करीत होता. विमान चालवायला तो स्वतः शिकला, आणि मग मुद्दाम वर जाऊन विमान गिरकीत टाकी. गरगर फिरत असताना काट्यांवरचे आकडे पाठ करी आणि खाली येऊन ते लिहून काढी! गिरकीतले विमान वेगाने कोसळत आहे असे दिसते, पण त्याच्या वेगाचा काटा कमीच राहतो. कारण पंख अखेरपर्यंत स्टॉलमध्येच असतो, हे त्याच्या मापनांनी स्पष्ट झाले. म्हणून सुटकेचा मार्गही ठरला : फिरणे उलट सुकाणूने थांबवायचे, आणि दांडा ओढायचा नाही, पुढे ढकलायचा.

भूमी अंगावर येत असताना हात पुढे ढकलणे! आपण ठेच लागून पडू लागलो की हात आपोआप पुढे येतात, अंग मागे खेचले जाते. ती देहाची सवय आहे, आणि आकाशात ती वैरीण ठरते. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टिक अँड रडर' या पुस्तकात वुल्फगँग लँगविशे याने सारा भर याच मुद्द्यावर दिला आहे. त्याचे सांगणे असे की, विमानाचे नाक जिकडे आहे तिकडे पाहू नका, हवा कोठून येते आहे ते ध्यानात ठेवा. ते पुस्तक आजही शिकाऊ वैमानिकांच्या हाती दिसते.

म्हणून चांगल्या शिक्षणसंस्थांतून विद्यार्थ्याला भरपूर उंचीवर नेतात आणि तेथे त्याच्याकडून पुन्हा पुन्हा स्टॉल करवून घेतात : आधी सरळ उड्डाणात, मग चढताना, मग वळणात. शिक्षक शेजारी किंवा मागे बसलेला असतो. पाठ द्यायचा तो मुख्यतः हाताला. डोक्याला तो फळ्यावर आधीच दिलेला असतो. भगिनींचा मुलगा जेवताना जे सहजपणे बोलून गेला ते त्याने असेच आकाशात अनुभवले असेल, आणि तो हसला त्याचे कारणही बहुधा हेच असावे. काही विमानांत आता पंखाचा कोन थेट दाखवणारे उपकरणही बसवतात. लष्करी विमानांत ते पूर्वीपासून आहे. लहान खासगी विमानांत ते सुलभपणे बसवता यावे म्हणून अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने २०१४ साली नियम सैल केले.

त्या उपकरणाचा एक गरीब भाऊ मात्र फार पूर्वीपासून साध्या शिकाऊ विमानांतही असतो. अनेक विमानांच्या पंखाच्या पुढच्या कडेवर बोटाच्या पेराएवढी एक पत्र्याची जीभ असते. हवा ठरावीक कोनाहून अधिक खालून येऊ लागली की ती वर उचलली जाते आणि आत भोंगा वाजू लागतो. या जिभेला वेगाचे ज्ञान नाही, तिला कोन तेवढा कळतो. वळणातला स्टॉल शिकवताना शिक्षक विमान साठ अंश कलवून दांडा ओढायला सांगतो. काटा १४५ च्या आसपास असतानाच भोंगा ओरडू लागतो. पहिल्या खेपेस विद्यार्थी काट्याकडे पाहतो, भोंग्याकडे कान देतो आणि विचारतो, "सर, भोंगा बिघडला काय?" शिक्षक उत्तर देत नाही. तो दांडा आणखी एक बोटभर ओढायला सांगतो.